मार्कांप्रमाणे बाक

बाई वर्गात आल्या आणि दारातच थांबल्या. खिडकीजवळच्या पहिल्या बाकावरची मुलगी तिथे नव्हती. ती पार मागे, शेवटच्या बाकावर, दप्तर मांडीवर घेऊन बसली होती.

तिला ऐकू जेमतेम यायचं. समोरच्याच्या ओठांवरून ती समजून घ्यायची. म्हणून बाईंनी तिला पुढे बसवलं होतं आणि स्वतःला सवय लावून घेतली होती: आधी फळ्यावर लिहायचं, मग वळायचं, मगच तोंड उघडायचं.

आज भिंतीवर नवा तक्ता होता. सहामाहीच्या मार्कांप्रमाणे बाक. पहिला सगळ्यांत पुढे, शेवटची सगळ्यांत मागे. हेडसर तक्त्याची वर आलेली कड अंगठ्याने दाबत होते.

"सर, तिला पुढेच बसवावं लागतं. मी लेखी दिलंय तुम्हाला."

"एकीसाठी नियम वाकवला की उद्या दहा पालक येतात, बाई. पुढे यायचं असेल तर मार्क मिळवू दे की तिला."

"ऐकू आल्याशिवाय?"

"जिद्द लागते," हेडसर म्हणाले.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परीक्षेआधी महिनाभर त्या आजारी होत्या. बदलीवर आलेले गुरुजी फळ्याकडे तोंड करून शिकवून गेले, आणि मार्क गेले ते हिचे. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

"तक्ता काढायचा नाही," हेडसर जाताना बजावून गेले.

बाईंनी तक्त्याला बोटही लावलं नाही. त्या बाकांमधून चालत मागे गेल्या, वर्गाकडे पाठ केली आणि शेवटच्या बाकासमोर उभं राहून अपूर्णांक शिकवायला लागल्या. फळ्यावर एक रेघ ओढली नाही. कागदावर गणित मांडायचं, मुलीसमोर धरायचं आणि मग सावकाश बोलायचं, इतकंच.

पुढे चुळबुळ सुरू झाली. कुणी मान वळवली, कुणी गुडघ्यावर उभं राहून बघू लागलं. बाईंनी ढुंकून पाहिलं नाही. पोरांचा यात काही दोष नव्हता, हे त्यांना कळत होतं. पण त्या घटकेला त्यांना कुणाचीच दया येत नव्हती.

शेवटी वर्गातला पहिला उठला. गुणी पोरगा, कधी जागा सोडून न उठणारा.

"बाई, तुमची पाठच दिसते नुसती. मला काहीच कळत नाहीये."

बाईंनी मुलीसमोर पुढचा कागद धरला. मग तो दप्तर उचलून मागे आला आणि मुलीला म्हणाला, "सरक ना जरा."

मुलीने त्याच्या ओठांकडे नीट पाहिलं आणि ती जागची हलली नाही.