विकायचा फ्लॉवर

हातात नारळ आणि गुलाबाचं फूल घेऊन मी चौथीच्या वर्गासमोर उभा होतो. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आजपासून गावातलीच भाजी शिजणार होती, आणि पहिला मान माझ्या फ्लॉवरला मिळाला होता. बाई म्हणाल्या, "विचारा रे, आपलं जेवण पिकवणारे काका आलेत."

लागण कधी केली, पाणी किती लागतं, गड्डा पांढरा कसा राहतो. पोरं विचारत होती आणि मी फुशारून सांगत होतो. मग माझ्याच मुलीनं हात वर केला. ही तर रोज शेतात असते, हिला काय विचारायचंय, मला कळेना.

"पप्पा, आजच्या भाजीतला फ्लॉवर विकायचा आहे की आपला खायचा?"

बाई हसल्या. "अगं, फ्लॉवर तो फ्लॉवरच. त्यात दोन कुठले आले?"

"आहेत ना बाई. विकायच्यावर पप्पा औषध फवारतात. आमच्या खायच्याची सरी विहिरीजवळ वेगळी आहे. विकायच्याला मी नुसता हात लावला तरी पप्पा ओरडतात."

बाई माझ्याकडे बघू लागल्या. बाहेर व्हरांड्यात ताटं मांडल्याचा आवाज येत होता. सगळेच असं करतात हे सांगावं, की फवारून चार दिवस झालेत हे सांगावं? पोरगी चुगली करत नव्हती. तिचा हात अजून वरच होता.

"पप्पा, सांगा ना. मी जेवू का आज?"