आधी फक्त निळा

बटण दाबलं आणि काहीच झालं नाही.

गिल्वानने पुन्हा दाबलं. बैठकीच्या खोलीत दाटीवाटीने उभे राहिलेले शेजारी एका सुरात हळहळले. सोफ्यावरून त्याच्या सासूबाई, डोना क्रेउझा, म्हणाल्या, "चला, विजेचं बिल तरी वाचलं."

"एखादा एलईडी उलटा बसलाय." गिल्वानचे कान लाल झाले होते, पण आवाजातला उत्साह तसाच होता. "पांढरे सगळे एका माळेत आहेत ना, निळ्यांची माळ अजून सुरूच केलेली नाही. एक उलटा बसला की आख्खी माळ बंद."

"आमच्याकडेही तसंच झालं," डोना क्रेउझा म्हणाल्या. "एक जावई उलटा बसला."

खोली हसली. गिल्वानची बायको सिलेनी हसतच स्टुलावर चढली आणि तिने दिवा माशांच्या काचेच्या टाकीवरून अलगद उतरवला. दिवा दोघांचा होता. पत्र्याचा डबा आणि लोंबत्या तारा असलं काही बैठकीत चालणार नाही, असं तिने बजावलं होतं, आणि मग स्वतःच मोडीत निघालेल्या होडीच्या फळीतून ही बारीक कमान कोरली होती. तारा लाकडातल्या खाचेत दडवल्या होत्या. खाली अॅल्युमिनियमची जाड पट्टी होती, पंख्याशिवाय उष्णता ओढून घेणारी. त्या पट्टीवरचा एकेक एलईडी गिल्वानने बसवला होता.

खिडकीपाशी बसलेली शेजारीण डाल्वा तेवढी हसली नाही.

टाकीतलं मेंदूसारख्या वळ्यांचं प्रवाळ मूळचं तिचं. खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळणाऱ्यांची ती रीतच आहे. आपल्याकडचं चांगलं प्रवाळ कापून एक तुकडा दुसऱ्याला द्यायचा. आपलं मेलं तर त्याच्याकडे उरतं. डाल्वा बहिणीकडे गेली असताना पंप बंद पडला आणि तिच्या टाकीतलं सगळं गेलं. उरला तो इथला तुकडा. तोही जुन्या ट्यूबच्या मंद उजेडात कॉफीच्या गाळासारखा तपकिरी होऊन आक्रसला होता. नवा दिवा त्याच्यासाठीच होता. पण आल्यापासून डाल्वा टाकीजवळ गेली नव्हती.

गिल्वान जमिनीवर मांडी घालून मल्टिमीटरच्या सुया एकेका एलईडीला टेकवत गेला. प्रत्येक एलईडी क्षणभर मिणमिणायचा आणि लोक "हा चांगला!" म्हणायचे. एक मिणमिणला नाही.

"हाच!" गिल्वान ओरडला.

"मी मघापासून तेच म्हणतोय," समोरच्या घरातले आदेर्बाल म्हणाले. ते मघापासून काजूफळाचा रस पीत होते.

एलईडी निघाला, फिरला, पुन्हा बसला. सोल्डरिंगच्या धुराची एक रेघ वर गेली. सिलेनीने दिवा जागेवर ठेवला. गिल्वानने उजेड कमीजास्त करणारे दोन्ही डिमर, पांढऱ्याचा आणि निळ्याचा, शेवटपर्यंत फिरवले आणि बटण दाबलं.

खोली एकदम पांढरीशुभ्र झाली. छतावर पाण्यातल्या उजेडाच्या जाळ्या नाचायला लागल्या. भिंतीवरून माशांच्या सावल्या सरकल्या. "गोऽऽल!" कुणीतरी बोंबललं. टाळ्या पडल्या, गिल्वानने दोन्ही हात वर केले आणि सिलेनीला मिठी मारली.

"कमी कर!"

डाल्वा उभी राहिली होती.

"पाचच मिनिटं, डाल्वा. लोक बघायला आलेत."

"लोक बघून घरी जातील. प्रवाळ कुठे जाणार? इतके महिने अंधारात राहिलंय ते, भाजून पांढरं पडेल. पांढरा बंद कर. आधी फक्त निळा, तोही अगदी कमी."

गिल्वानला हे ठाऊक होतं. त्याने स्वतःच कितीदा वाचलं होतं. तरी त्याचा हात डिमरवर तसाच राहिला. दारातून अजून माणसं आत येत होती, मान उंचावून बघत होती, आणि वर त्याचा दिवा नुसता तळपत होता.

त्याने प्रवाळाकडे पाहिलं. मग एक डिमर शून्यावर आणला आणि दुसरा जेमतेम सोडला.

छतावरच्या जाळ्या पुसल्या गेल्या. भर दुपारच्या उन्हात टाकी आधीपेक्षाही निस्तेज दिसायला लागली.

"एवढ्यासाठी महिनाभर माझ्या जेवणात लाकडाचा भुसा?" डोना क्रेउझा म्हणाल्या. दारातली दोघं-तिघं परत वळली.

"थांबा, थांबा!" सिलेनी खिडक्यांकडे धावली. एक झडप लागली, दुसरी लागली, कुणीतरी दार ओढून घेतलं.

अंधारात निळं पाणी उरलं. आणि त्या पाण्याच्या तळाशी प्रवाळाची प्रत्येक वळी निखाऱ्यासारखी नारिंगी पेटलेली होती. मधली खाच हिरवीगार.

सगळे टाकीकडे सरकले. डोना क्रेउझासुद्धा.

"रंग आतच होता," गिल्वान कुजबुजला. "ते निळा उजेड घेतं आणि नारिंगी परत देतं. जिवंत आहे, डाल्वा, जिवंत आहे!"

डाल्वा माणसांतून वाट काढत पुढे आली. काचेला नाक लागेपर्यंत वाकून तिने बराच वेळ पाहिलं. मग मनगटावरचं घड्याळ काढून न बघताच मागे सिलेनीच्या हातात दिलं, बाही कोपराच्या वर सरकवली आणि हात पाण्यात घातला. प्रवाळाखालचा दगड तिने जरासा फिरवला.

"पंप इकडे वळव," ती म्हणाली. "याच्या अंगावर पाणी कधी सरळ सोडायचं नसतं. किती वेळा सांगायचं रे तुला?"