कोणाच्या सांगण्यावरून

"सही कोणाच्या सांगण्यावरून केली?" मिसबाह वकिलीणबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

रूपा पुन्हा उठली. माठापर्यंत गेली अन् पाणी न पिताच परत आली. अमळनेर कोर्टाच्या व्हरांड्यातल्या घड्याळात पावणेचार झाले होते.

"भावानं फसवलं, असं लिहिलंय ना?"

"ताई, नुसतं 'फसवलं' चालत नाही. कोणी, कुठे, कधी, काय बोलून फसवलं, सगळं दाव्यात लागतं. जजसाहेबांनी आज पाचपर्यंतची मुदत दिलीय. नाहीतर दावा सुरू व्हायच्या आधीच फेटाळतील. मग वडिलांच्या जमिनीतला हिस्सा विसरा."

बाकी सगळं रूपानं घडाघडा सांगितलं होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी गेली. दुसऱ्या दिवशी भावानं, प्रेमराजनं, तिला गाडीवर बसवून रजिस्ट्री ऑफिसात नेलं. पीक विम्याचा म्हणून सही केलेला कागद हक्कसोडीचा निघाला.

"विम्याचा कागद आहे, असं प्रेमराज म्हणाला?"

"तो गप्पच होता."

"मग कोण म्हणालं?"

रूपा पदराचं टोक पिळत राहिली. बारावी शिकलेली बाई अन् न वाचता सही करते, म्हणून गावानं नावं ठेवली. ठेवणाऱ्यांचं काय जातं? निघताना मायनं ओट्यावरून "करी दे बेटा, विम्याना कागद शे" म्हटल्यावर कोण वाचत बसतं! अन् माय राहते प्रेमराजकडे. तिचं नाव दाव्यात आलं, तर त्या घरात तिला भाकर मिळायची नाही.

फोन वाजला. मायच होती.

"काय व्हयनं बेटा कोर्टमा?"

"काही नही, माय. कागदमा जरा कमी शे म्हने."

 पलीकडून दार लोटल्याचा आवाज आला. मायनं आवाज बारीक केला.

"मनं नाव कमी शे ना?"

रूपाला रडूच फुटलं. वकिलीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"लिखी दे," माय म्हणाली. "कागद कसाना शे, माले बठ्ठं ठाऊक व्हतं. खोटं मीच बोलनू." ती थांबली. "पन एक सांग बेटा, तुना घरमा मनी खाट मावी का?"