'नीरा'च्या पोटावरचं टेंगूळ

धम्मदीपच्या विमानाखाली ठेवलेल्या आरशात रणजित इतका वेळ डोकावत होता की शेवटी पूर्णिमाने त्याची बाही ओढली.

"अहो, पुरे. लोकांना वाटेल भांग पाडताय."

"भिंग दे," रणजित म्हणाला.

सदाशिव पेठेतल्या सभागृहात डायकास्ट विमानांचं वार्षिक प्रदर्शन भरलं होतं. ओतीव धातूची वीतभर प्रवासी विमानं करणारी माणसं पुण्यात मोजकीच. त्यामुळे त्यांचं मंडळ होतं, मंडळाला घटना होती आणि घटनेत एकमेकांविरुद्ध तक्रार कशी करावी, हे कलम सर्वांत लांबलचक होतं.

दरवर्षी पहिला नंबर बिबवेवाडीच्या धम्मदीपचा, दुसरा वारज्याच्या रणजितचा. रंगकामात रणजितचा हात धरणारा कुणी नाही, असं धम्मदीप चारचौघांत सांगायचा आणि रणजितला नेमका त्याचाच संताप यायचा. जिंकणाऱ्याने वर कौतुकही करावं, हे अती होतं.

यंदा मंडळाने सगळ्यांना एकच विमान नेमून दिलं होतं. बंद पडलेल्या एका कंपनीचं, 'नीरा' नावाचं. खरं विमान कधीच मोडीत निघालं होतं, पण ते वर्षानुवर्षं उडवणाऱ्या कॅप्टन विजयमाला ढमढेरे परीक्षक म्हणून येणार होत्या. यंदा पहिला आलो नाही तर सगळे साचे भंगारात घालीन, असं रणजित घरी बोलून बसला होता. पूर्णिमाने भंगारवाल्याचा फोन नंबर शोधून ठेवला होता.

आणि आता भिंगातून त्याला दिसलं. धम्मदीपच्या 'नीरा'च्या पोटावर, चाकांच्या जरा मागे, तांदळाच्या दाण्याएवढा लांबट फुगवटा.

हे टेंगूळ त्याच्या घरचं होतं! त्याच्या साच्याला नेमका त्या जागी खड्डा पडला होता. ओतलेला धातू त्यात भरायचा आणि प्रत्येक नग पोटावर टेंगूळ घेऊनच जन्माला यायचा. घासून काढावं तर शेजारच्या नाजूक रेघा पुसल्या जात. आरशात वाकून विमानाचं पोट बघतंय कोण, म्हणून त्याने वरून रंग मारून विषय मिटवला होता.

फक्त उन्हाळ्यातल्या बैठकीत त्याने बिनरंगी नग नेला होता, तेव्हा धम्मदीपने तो उलटा करून बराच वेळ न्याहाळला होता.

"रणजितराव, हे कुठून मिळालं हो तुम्हाला?"

"आमचं असतं एकेक."

"मानलं बुवा तुम्हाला," धम्मदीप म्हणाला होता.

तेव्हा रणजितला वाटलं होतं, धातूची चौकशी करतोय. आज उलगडा झाला. बघून ठेवत होता लेकाचा.

"चोरलं त्याने," रणजित कुजबुजला. "माझंच टेंगूळ!"

पूर्णिमाने दोन्ही विमानांच्या आरशांत पाहिलं. "मग काय झालं? तुमचंही चुकलं, त्यांचंही चुकलं. फिट्टंफाट."

"फिट्टंफाट कसली? अगं, चोराने दागिन्याबरोबर मळसुद्धा नेलाय! नक्कल करणारा मंडळातून कायमचा बाद. कलमच आहे."

गेल्या कित्येक वर्षांत तिने नवऱ्याला इतकं आनंदी पाहिलं नव्हतं.

कॅप्टन बाई आल्या. सुती साडी, गळ्यात दोरीचा चष्मा. प्रत्येक टेबलापाशी त्या थांबल्या, आधी आरशात वाकून पाहिलं, मग बाकीचं. रणजितच्या टेबलापाशी अंमळ जास्त रेंगाळल्या. कागदावर काहीतरी लिहून त्या माइकपाशी गेल्या, तेवढ्यात रणजित उठला.

"बाई, माफ करा, निकाल थांबवा. माझी हरकत आहे. धम्मदीप यांनी माझ्या विमानाची नक्कल केली आहे."

सभागृहात खुर्च्या सरकल्या. धम्मदीप पांढराफटक पडला. "रणजितराव, बसा. याबद्दल बोलू नका."

"का? आता का?" रणजितला चेव चढला. "बाई, दोघांच्याही विमानांच्या पोटावर टेंगूळ आहे. माझ्यावर ते आलंय, कारण माझा साचा खराब आहे. ते चुकून आलंय. यांच्यावर कसं आलं, विचारा यांना!"

कॅप्टन बाईंनी चष्मा लावला. "चुकून आलंय म्हणता?"

"शंभर टक्के. खऱ्या विमानाला असलं काही नव्हतं. कंपनीच्या आराखड्यातही नाही."

"तुम्ही मुद्दाम नाही केलंत ते?"

"छे हो! मुद्दाम कोण करील? दोष आहे तो, बाई, निव्वळ दोष. साचा आणून दाखवतो हवं तर, गाडीतच आहे."

"रणजितराव," धम्मदीप जवळजवळ हात जोडून म्हणाला, "माझं ऐका, हरकत मागे घ्या."

"बघा, कसा घाम फुटलाय!" रणजितने सभागृहाकडे वळून सांगितलं. मागे कुणीतरी टाळी वाजवली.

कॅप्टन बाई माइक बाजूला करून त्याच्याजवळ आल्या.

"उतरताना घार धडकली होती 'नीरा'ला. पोटाला ठिगळ लावावं लागलं. मी शेजारी उभी राहून लावून घेतलं होतं ते. ज्याला ते ठिगळ ठाऊक, त्यालाच 'नीरा' कळली, असं घरून ठरवूनच निघाले होते मी. सबंध सभागृहात दोघेच निघालात." त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि कागद टेबलावर सरळ केला. "त्यात तुमचा रंग उजवा, म्हणून पहिल्या नंबरावर तुमचं नाव लिहिलं होतं."