पाठीकडचा फोटो

त्या बाईने पुन्हा विचारलं होतं, ‘मागून कसा दिसतो?’

दामिनीने मोबाईल शिलाई मशीनवर ठेवला आणि खिडकीतून अंगणात डोकावून पाहिलं. जुई घरमालकीण शकुबाईच्या बादलीत कोपरापर्यंत हात घालून बसली होती. आहे. जागेवर आहे. मग कुठे तिने पुन्हा मोबाईल हातात घेतला.

प्रश्न तसा रास्तच होता. दामिनी लहान मुलींचे फ्रॉक शिवायची आणि ऑनलाइन विकायची. सुरुवातीला निम्मा माल परत यायचा. मोठा झाला, आखूड झाला, रंग असा नव्हता. मापं तर खाली नीट लिहिलेली असायची. मग तिच्या ध्यानात आलं, लोक वाचत नाहीत, बघतात. तिने फोटोच बदलले. टोपरं ठेवलं की शेजारी एक संत्रं. केवढं आहे ते सांगायला नको. रंगासाठी तोच फ्रॉक उन्हात आणि सावलीत, दोन्ही फोटो शेजारी शेजारी. शेवटी जुईच्या अंगावर घालून फोटो, म्हणजे फ्रॉक गुडघ्याच्या वर येतो की खाली, ते एका नजरेत कळावं. गळ्यापासून खालीच मात्र. चेहरा कधी नाही.

“चेहरा काहून कापते वं पोरीचा?” शकुबाई विचारायची. “इतकी गोड हाये.”

“नजर लागते, मावशी.”

“फोटोले नजर? शिकलेली ना तू? कॉलेजात हेच शिकवलं काय?”

दामिनी हसून सोडून द्यायची. ती जुईला अंगणवाडीतही पाठवत नसे. शकुबाई गल्लीभर सांगत फिरायची, “अशी भेकड माय म्या पाहिली नाही. नवरा गेला बिचारीचा, आता सारा जीव पोरीत.”

हे नवं गिऱ्हाईक, विजया नावाची बाई, गोड बोलायची. मुलीला मागची बटणं टोचतात, म्हणून पाठ पाहायची होती तिला. पुढे इतरही विचारतील, असा विचार करून दामिनीने जुईला पाठमोरी उभी केली, मानेवरचे केस वर बांधले आणि फोटो दुकानाच्या पानावर टाकला.

उत्तर लगेच आलं. ‘उजव्या खांद्याखाली दिसतो तो कापडावरचा डाग आहे का?’

दामिनीने फोटो निरखून पाहिला. डाग कापडावर नव्हता. गळ्याच्या काठातून जुईच्या पाठीवरची तपकिरी खूण जराशी बाहेर आली होती.

‘सावली आहे, ताई,’ तिने लिहिलं.

‘मोठं करून पाहिलं. सावली नाही.’

दामिनीने फोटो काढून टाकला.

‘काढून का टाकला?’ आणि पाठोपाठ, ‘एक समोरून पाठवा. चेहऱ्यासकट.’

शकुबाईला तिने हे सांगायला नको होतं. पण घाबरलेल्या माणसाच्या तोंडून निघून जातं.

“माय वं! पोरं पळवणारी टोळी असन!” शकुबाई उठलीच. “चाल, ठाण्यात जाऊ.”

“नको, मावशी.”

“काहून नको? आपण का कोणाची चोरी केली?”

“पोलीस आले की सतरा प्रश्न विचारतात. धंदा बसेल माझा.”

“चुलीत गेला तुया धंदा! पोर मोठी का फ्राक मोठे?”

दामिनी वर आली आणि बॅग भरू लागली. प्रत्येक फोटोच्या खाली तिनेच ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘सौंसर, बाजारामागची गल्ली’. लोकांना भरवसा वाटावा म्हणून. शेजारी गल्लीचा छोटा नकाशाही काढला होता, तिच्या घरावर बाण दाखवणारा. आता तिने सगळं पुसलं. पण ज्याने पाहायचं त्याने पाहिलं असणार.

छिंदवाड्याची बस दुपारी होती. पुढचं पुढे. जुईचे कपडे, दुधाची बाटली, कात्री. मशीन इथेच राहणार होतं.

खालून शकुबाईचा आवाज आला. “फ्राकवाली ना? वर हाये ना ते. ये बाई, ये.”

दामिनी कडी लावायला धावली आणि दारातच थबकली. जुई वर नव्हती. शकुबाई तिला गूळपोळी चारायला खाली घेऊन गेली होती.

ती जिन्याकडे पळाली. वळणावर एक किडकिडीत बाई उभी होती आणि तिच्या मागे शकुबाई, कडेवर जुई.

“लय दुरून आली हे, बैतूलकडून, पहाटेच निघाली म्हणे,” शकुबाई सांगत होती. “संग दोन माणसं बी हायेत, खाली उभी. मले तर घरची बाई वाटली, म्हणून—”

“आधी पोरीला इकडे द्या, मावशी.”

“अवं, देतो ना. कोणी खाऊन नाही राहिलं तिले.”

जुईने झेप घेतली आणि दामिनीच्या गळ्याला विळखा घातला. दामिनी मागे सरली. पाठ भिंतीला टेकली. वर दोरीवर नवे फ्रॉक ओळीने टांगलेले होते. बाईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती जुईकडे पाहत होती, पापणी न लववता.

“आई,” जुई दामिनीच्या कानाशी कुजबुजली.

बाई ओरडली नाही, अंगावर आली नाही. एक पायरी चढली आणि दोन्ही हात पुढे केले.

“ताई, आता द्या,” ती म्हणाली. “माझं पाणी भरून झालं.”

काही वर्षांपूर्वी पांढुर्ण्याच्या फलाटाला गाडी लागली होती तेव्हा ‘जरा धरता का हिला, बाटली भरून आणते’ असं म्हणून याच बाईने आपलं तान्हं शेजारच्या दामिनीच्या मांडीवर ठेवलं होतं. आणि ती नळाच्या रांगेत उभी असताना दामिनी ते लेकरू घेऊन डब्याच्या दुसऱ्या दाराने उतरली होती.