दहावं नाव

“भगोडा हा शब्द दगडावर कोरता येत नाही काकू, म्हणून नावच वगळलंय,” गंगाधर गुरुजी चष्मा पुसत म्हणाले.

गोदाकाकू मारुतीच्या देवळाच्या पायरीवर उभ्या होत्या. हातात फुलांची परडी तशीच होती. समोर गावाचा नवा स्तंभ. पायदळातून लढाईवर गेलेल्या गावच्या जवानांची नावं, आणि प्रत्येकापुढं त्याचं काय झालं ते. कुणी कामी आलं, कुणी पाय गमावून परतलं, कुणी छावणीतच तापानं गेलं. नऊ नावं. दहावं हरिबाचं, काकूंच्या मालकांचं. ते नव्हतं.

“कागद खोटं बोलतोय, गुरुजी.” काकूंचा आवाज कधीच चढत नसे. “एकाहत्तरच्या लढाईत माणूस नदीत उतरला, वर आला न्हाई. आन तुमी म्हंता पळाला. पळताना कुणी बघितलं?”

“मी नाही म्हणत. पलटणीचा कागद म्हणतो.”

“कागदाला डोळं असत्यात व्हय?”



चोपन्न वर्षं काकू हेच विचारत आल्या होत्या. लग्नाला सहा महिने झाले होते, तेव्हा तो कागद आला. त्या दिवसापासून त्या ‘भगोड्याची गोदा’ झाल्या. पाणवठ्यावर तेच, हळदीकुंकवात तेच. त्या एका शब्दापायी दिराचं ठरलेलं लग्न दोनदा मोडलं. सासरा पुन्हा चावडीवर जाऊन बसला नाही. काकूंनी कपाळाचं कुंकू पुसलं नाही आणि एक वेळचं जेवण सोडलं. मालकांवरचा डाग धुतला जाईल तेव्हाच दोन वेळा जेवीन, असं देवापुढं बोलल्या होत्या. त्यात एक दिवस खाडा नाही.

“त्यांच्याबरोबर लढलेला एक माणूस उभा करा,” सरपंच भाऊसो म्हणाले, “मी स्वतः उभा राहून नाव कोरून घेतो.”

माणूस मिळाला. गुरुजींनी माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला निरोप फिरत फिरत जत तालुक्यात पोचला. तिथून अर्जुना नावाच्या म्हाताऱ्याचा फोन आला. मी हरिबासंगं व्हतो, येऊन सांगतो.

रविवारी सकाळी तो आला. उंब्रजला एसटीतून उतरून रिक्षानं वेशीपर्यंत. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडं, पांढरी दाढी छातीपर्यंत. काकू शेजारच्या शालूबाईबरोबर देवळाच्या ओट्यावर बसून त्याचीच वाट पाहत होत्या.

“मोकळा रस्ता सोडून कवाच्या बुजवलेल्या आडाला वळसा घालून चाललंय म्हातारं,” शालूबाई हसली. “दिसत न्हाई वाटतं.”

काकूंनी पदर डोक्यावरून पुढं ओढला.

“आवं, घाबरू नगा,” शालूबाई म्हणाली. “आज सगळं नीट हुतंय बघा.”

सभामंडपात गाव जमला होता. चहा झाला. अर्जुना खाली मान घालून बोलायला लागला तसा ऐंशीचा गुंडा मागून म्हणाला, “आवाज काढ रं गड्या. लढाईला न जाताच आमचं कान गेल्यात.”

लोक हसले. अर्जुना हसला नाही.

“पहाट व्हती. नदीला छातीएवढं पाणी. पलीकडनं गोळ्या. हरिबाला बरगडीत लागली. माझ्या हातावर जीव सोडला त्यानं. ‘गोदीला सांग, वाट बघू नको,’ म्हनला. मग पाण्यानं वडून न्हेला. पळाला न्हाई त्यो.”

भाऊसोंनी डोळे टिपले.

काकूंच्या अंगाची मात्र लाही लाही होत होती. वाट बघू नको. एवढे तीन शब्द जतहून इथं पोचायला रस्ता नव्हता? सासरा मान खाली घालून गेला. दीर तसाच राहिला. आणि आता हा माणूस मांडी घालून, चहा पिऊन सांगतोय.

“एवढं सांगाया चोपन्न वर्सं लागली?” त्यांनी विचारलं.

“तोंड झालं न्हाई, बाई.”

“जतला घरी कोन हाय?”

“मंडळी गेली दोन वर्सांमागं. दोन ल्योक हायती. नातवंडं, मेंढरं.”

“नातवंडं,” काकू म्हणाल्या. “बरं झालं.”

“काकू, पाहुणे आहेत,” भाऊसो हळूच म्हणाले. “एवढ्या लांबून आलेत आपल्यासाठी.”

शालूबाई काकूंच्या कानाशी लागली. “आता कुंकवाचं कसं करायचं वं?”

“बघू.”

अर्जुनाला शाल आणि नारळ दिला. गुरुजींनी वहीत ओळ लिहिली आणि मोठ्यानं वाचून दाखवली, “नदी ओलांडताना शत्रूच्या गोळीनं कामी आले.” टाळ्या पडल्या. पाथरवट कोपऱ्यात छिन्नी घेऊन तयारच बसला होता.

“आता एकच राहिलं,” गुरुजींनी माईक काकूंच्या हातात दिला. “बाकीच्या नऊ घरांनी आपापल्या माणसाचं नाव आधी इथं उभं राहून उच्चारलं, मगच ते दगडावर गेलं. तुम्ही आयुष्यात कधी घेतलं नसेल. आज घ्या. मानानं घ्या.”

“उखाण्यात घ्या, आज्जी,” मागून पोरी म्हणाल्या. बायका पदराआड हसल्या.

काकूंनी माईक दोन्ही हातांनी धरला. उजवीकडं गाभाऱ्यात मारुती. समोर सगळा गाव, आणि पहिल्या खुर्चीवर शाल पांघरलेला अर्जुना. त्यानं मान वर केली नाही.

“कसं घिऊ?” काकू नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाल्या. “मालक समोरच बसल्यात.”