आई, मी आहे गं

फोटो चौथ्यांदा परत आला. 'फाइल मोठी आहे', एवढंच आईच्या त्या बटणांच्या फोनचं म्हणणं. लेकीने आपल्या मोबाइलवर स्वतःचाच चेहरा आणखी कापला. खांदे गेले, कान गेले. मग ब्लूटूथवरून पुन्हा पाठवला. दहा-बारा वर्षांचा जुना फोन तो. पेलवेल तेवढंच घेणार, आणि तेही आपल्या सवडीने.

या वेळी घेतला एकदाचा. तिच्या नंबरला तिचा फोटो लागला, नखाएवढा.

"बघ आई, माझा फोन आला की हा दिसेल."

आईने फोन खिडकीशी धरला, मग नाकाशी. "ही कोण? बाई आहे की बटाटा?"

लेकीला हसूही आलं आणि रडूही. आठवडाभर दवाखान्याच्या खिडकीत बसून केसपेपर काढायचे, आणि सुट्टीचा एकुलता एक दिवस हा असा, तीन तास बसचे धक्के खाऊन. नवा फोन आणून झाला होता. आई त्याला हात लावायची नाही. बोट टेकवलं की सगळं पळतं, म्हणायची. जुन्याचं हिरवं बटण तिला अंधारातही सापडायचं. पण मधे कुणीतरी मेल्याने फोनवरून दमदाटी केली होती, तेव्हापासून तिने धसकाच घेतलेला. कोणाचा ते कळत नाही ना, मग घ्यायचाच नाही. गेल्या आठवड्यात दोन दिवस दादाचा जीव टांगणीला लागला. शेवटी त्याने शेजाऱ्यांना दार ठोठावायला लावलं.

"पुन्हा असं झालं तर सरळ वृद्धाश्रमात नेऊन ठेवणार," तो म्हणाला होता, आईच्या देखत. दादा नुसता बोलणाऱ्यातला नव्हे, हे दोघींनाही माहीत होतं. आईला फोन घेता येतो की नाही, ते आज संध्याकाळपर्यंत त्याला कळवायचं होतं.

"फोटोचं राहू दे," लेक म्हणाली. "रिंग म्हणून माझा आवाजच घालते. मग तर ओळखशील?"

"तुझा आवाज? झोपेत ओळखीन."

लेकीने आवाज भरला. पहिल्यांदा वैतागलेला आला. दुसऱ्यांदा दवाखान्यातल्यासारखा, पुढचा नंबर पुकारल्यागत. पाचव्यांदा कुठे घरच्या माणसासारखा आला: "आई, मी आहे गं." फोनने त्यावरही थोडी कुरकुर केली, पण शेवटी घेतला.

"आता मी बाहेर जिन्यात जाऊन फोन लावते. समज, मी माझ्या घरी पोचलेय."

"बरं बाई. जा घरी."

दार लोटून घेऊन तिने नंबर लावला. दाराआडून तिचाच आवाज आला, डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. "आई, मी आहे गं. आई, मी आहे गं."

"हं, बोल," आई म्हणाली.

लेकीच्या कानाशी नुसती रिंगच वाजत होती. आईने बटण दाबलंच नव्हतं. कशाला दाबेल? लेक तर बोलतच होती.

"आई, मी आहे गं."

"कळलं गं, तूच आहेस. जेवलीस का?"

आता आत जावं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगावं म्हणून तिने दाराला हात लावला.

"बरं झालं फोन केलास," आई आत म्हणत होती. "समोर सांगायला जीभ रेटत नाही बघ. परवा दूध तापत ठेवलं आणि विसरले. भांड्याचा कोळसा झाला. घरभर धूर, आणि मी आपली गॅलरीत बसलेली. मागच्या महिन्यातही झालं होतं एकदा. माझीच मला भीती वाटते गं आता. दादाला नको हं सांगूस."

"आई, मी आहे गं," फोन म्हणाला.

"हो ना. तू आहेस म्हणून तर."

रिंग आपली आपण थांबली. लेक जिन्यातच मटकन बसली. वरच्या मजल्यावरचं कुणीतरी उतरताना दिसलं, तशी ती उठली, डोळे पुसले आणि आत गेली.

आई फोन पदराने पुसत होती. किती दिवसांनी तिचा चेहरा असा मोकळा दिसत होता.

"लागला की गं तुझा फोन! किती स्पष्ट! तुला आलं ना माझं ऐकू?"

"आलं," लेक म्हणाली. "सगळं आलं."

"मग कळव दादाला. आईला जमतं म्हणावं."